लहान मुलांचा एक्स-रे (नागपूर): घरची तयारी, खोलीतलं काम आणि फिल्म पुन्हा का काढावी लागते

पारिजातक

लहान मुलाची फिल्म दुसऱ्यांदा काढायची वेळ येते त्याची कारणं ठरलेली आहेत. मूल हललं, अंग तिरकं झालं, श्वास अर्धवट सोडलेला होता, गळ्यातला ताईत नेमका छातीवर आला, नाहीतर कोपर फिल्मच्या बाहेर राहिलं. यातलं बरंचसं घरूनच टाळता येतं. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स किंवा धंतोली-रामदासपेठेतला खासगी दवाखाना, कुठेही गेलात तरी मूल खोलीत असण्याचा वेळ पाच-दहा मिनिटांचा असतो. तेवढ्यात ते घाबरलेलं असेल तर तिथे समजावत बसायला कुणाला सवड नसते. म्हणून आधी काय सांगायचं, काय सराव करून घ्यायचा, याचा हा धागा. या कामातल्या लोकांनी भर घालावी.

आधी वयाचं बोलू. दोन-तीन वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी सांगून उपयोग नाही, त्याला 'उद्या' कळत नाही आणि रात्रभर नुसती धास्ती राहते. निघायच्या थोडं आधी दोन वाक्यांत सांगा. चार ते सहा वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी सकाळी सांगा आणि एकदा खेळून दाखवा. सात-आठच्या पुढच्या मुलाला आदल्या दिवशी सगळं सांगा. त्याचे प्रश्न जास्त असतात, ते रात्रीच संपलेले बरे.

सांगायचं काय? मुलाला जे दिसेल, ऐकू येईल आणि अंगाला लागेल, तेवढंच. "एक मोठ्ठा कॅमेरा आहे, तो छताला नाहीतर खांबाला लावलेला असतो. तो तुला हात लावत नाही. अंगावर पिवळा दिवा पडेल, त्यात फुलीसारखी रेघ दिसेल. मागची पाटी थंडगार लागेल. मग घर्रर्र असा आवाज येईल आणि टिक वाजेल. टिक वाजलं की झालं." एवढं पुरतं. "अजिबात दुखणार नाही, घाबरू नको" हे पुन्हा पुन्हा म्हटलं की दुखण्याचीच आठवण होते, म्हणून एकदा सांगून सोडून द्या. "हललास तर सुई देतील" हे तर कधीच नको. असं मूल खोलीत शिरल्यापासून सुई शोधत राहतं आणि कुणालाच हात लावू देत नाही.

सराव स्टॅच्यूचा. हा खेळ आपल्या सगळ्या मुलांना येतो. घर्रर्र म्हणायचं, मूल पुतळा होणार, मनात तीनपर्यंत मोजून टिक म्हणायचं, मग सोडायचं. आवाजासकट सराव करा. नुसतं गप्प उभं राहणं मुलाला येतंच, पण आवाज आला की ते मान वळवून बघतं आणि नेमकं त्याच क्षणी एक्सपोजर होतं, म्हणजे किरण सुटतात.

तीन-चार वर्षांच्या मुलासाठी तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी घ्या. पाठीमागे थाळी उभी करा, मोबाइलच्या टॉर्चचा उजेड नंदीच्या अंगावर पाडा, घर्रर्र-टिक करा. मग मुलालाच फोटो काढणारा होऊ द्या. नंदीला "हलू नको रे" असं ते स्वतः सांगायला लागलं की त्याला कळलं असं समजा.

---

सिव्हिल_लाइन्स

उपाशी न्यायचं का? दवाखान्यातून फोनवर "काही देऊ नका" सांगतात, पण नुसता एक्स-रे असेल तर खाल्लेलं चालेल का, हेच कळत नाही.

---

पारिजातक

साध्या एक्स-रेला उपाशी राहायचं काही कारण नाही. छाती, हातपाय, मणका, दात, कशालाच नाही. भुकेलं मूल जास्त चिडतं, त्यामुळे पोटभर पण हलकं खाऊ घालून न्या. तान्ह्या बाळाला साधारण अर्धा तास आधी पाजा. अगदी टेबलावर ठेवायच्या आधी पाजलं तर आडवं केल्यावर उलटी होते.

उपाशी ठेवायचं ते बेरियमच्या तपासणीला, म्हणजे फिल्मवर उठून दिसणारं पांढरं औषध पाजून अन्ननलिका-पोटाच्या फिल्म काढतात तिला. आणि दुसरं म्हणजे हात-पाय मोडल्याचा संशय असेल तर. दुसरं लोकांना माहीत नसतं. ते प्लास्टर_रूम यांनी लिहावं.

---

प्लास्टर_रूम

लिहितो. मूल पडलं, कोपर सुजलं, हात वाकडा दिसतोय, अशा वेळी घरचे लोक रडतं म्हणून बिस्किट, दूध, ज्यूस देत दवाखान्यात आणतात. एक्स-रेला त्याने काहीच बिघडत नाही. पण हाड सरकलं असेल तर भूल देऊन ते बसवावं लागतं, आणि पोट भरलेलं असेल तर भूलतज्ज्ञ थांबतात. जेवण झालं असेल तर साधारण ६ तास, अंगावरचं दूध असेल तर ४ तास. म्हणून हात वाकडा दिसला की काही खायला न देता थेट कॅज्युअल्टीत आणा आणि शेवटचं काय, किती वाजता खाल्लं ते लक्षात ठेवा. पहिला प्रश्न तोच येतो.

दुखण्याचं औषध फिल्मच्या आधी मागा. कोणतं आणि कसं द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, पण मागायला संकोच नको. कोपराच्या दोन फिल्म लागतात, एक समोरून आणि एक बाजूने. बाजूच्या फिल्मला हात फिरवावा लागतो, तेव्हाच मूल किंचाळतं. इथे मुलाशी खोटं बोलू नका. "आता हात थोडा वळवतील, तेव्हा दुखेल, टिक वाजलं की सोडतील" असं सांगा. एकदा फसवलं तर दुसऱ्या फिल्मला ते हात लावू देत नाही.

घरी हात सरळ करून बघू नका. आहे त्या स्थितीत ओढणीची झोळी बांधा. फळी किंवा पुठ्ठा लावून आणला असेल तर तो फिल्मसाठी काढायची घाई नको. लाकूड आणि पुठ्ठ्यातून हाड दिसतं. धातूची पट्टी असेल तर आधी सांगा.

एक आणखी. डॉक्टर चांगल्या हाताचीही फिल्म काढायला सांगतात तेव्हा लोक भांडतात, "तो हात तर बरा आहे, पैसे कशाचे?" मुलांच्या हाडांच्या टोकांना वाढीची कूर्चा असते. ती फिल्मवर काळ्या रेघेसारखी दिसते आणि कधी कधी मोडल्यासारखी वाटते. कोपरात तर वेगवेगळ्या वयात वेगवेगळे तुकडे हाड म्हणून दिसायला लागतात. शंका आली तर दुसऱ्या बाजूशी ताडून बघतात. प्रत्येक वेळी लागत नाही, पण मागितलं तर त्यामागे हे कारण असतं.

---

खोली_नंबर_दोन

एक्स-रे तंत्रज्ञाच्या बाजूने सविस्तर लिहितो.

मुलाची फिल्म मोठ्यांपेक्षा अवघड असते ती जागा लहान असते म्हणून. दोन बोटं वर-खाली झालं की मोठ्याच्या छातीत काही फरक पडत नाही, बाळाच्या छातीत तेवढ्यात फुप्फुसाचं टोक कापलं जातं.

छातीच्या फिल्मला समजतं अशा वयाचं मूल उभं करतो. छाती पाटीला टेकलेली, हनुवटी वर, खांदे पुढे, हात कमरेवर. ट्यूब मागून सुमारे १८० सेंटिमीटरवर. त्याहून लहान मूल बसवून किंवा झोपवून समोरून काढतो. झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये हृदय जरा मोठं दिसतं, हे डॉक्टरांना माहीत असतं. रिपोर्ट हातात येण्याआधी गुगलवर बघून घाबरू नका.

श्वास ही सगळ्यात मोठी अडचण. श्वास सोडलेल्या अवस्थेत फिल्म आली तर फुप्फुसं पांढरट दिसतात, न्युमोनियासारखी. पाच-सहा वर्षांच्या मुलाला "श्वास आत घे, धरून ठेव" असं म्हटलं तर ते गाल फुगवतं आणि हवा आतली बाहेर जाते. त्याऐवजी घरी फुगा फुगवण्याचा खेळ करा: फुगा तोंडाशी न्यायच्या आधी जो मोठा श्वास घेतो, तिथेच थांबायचं, फुंकायचं नाही. मी खोलीत म्हणतो, "फुगा फुगवायचाय, घे श्वास, थांब." सराव झालेला असेल तर एका झटक्यात काम होतं.

तान्हं बाळ रडत असेल तर आईला वाटतं आता फिल्म होणारच नाही. उलट रडणारं बाळ दोन हुंदक्यांच्या मध्ये खोल श्वास आत ओढतं. आम्ही छातीकडे बघत तयारीत उभे असतो आणि तो क्षण पकडतो. रडणं थांबवायला त्या वेळी बाळाला हलवू नका, थोपटू नका.

पण मानेच्या बाजूच्या फिल्मला, म्हणजे नाकामागच्या ॲडिनॉइडसाठी काढतात त्याला, रडणं अजिबात चालत नाही. रडताना, गिळताना किंवा मान पुढे वाकलेली असताना घशामागचा मऊ भाग जाड दिसतो आणि नसलेली सूज असल्यासारखी वाटते. तोंड बंद, श्वास नाकातून, मान किंचित मागे, हे हवं. नाक पूर्ण चोंदलेलं असेल तर मूल तोंड बंद ठेवू शकत नाही. आधी नाकात सलाइनचे थेंब घालून, शेंबूड काढून आणा.

आवाजाचं पारिजातकताईंनी बरोबर लिहिलंय. बटण दोन टप्प्यांत दाबतो. पहिल्या टप्प्यात ट्यूबमधली चकती फिरायला लागते, तो घर्रर्र आवाज. दुसऱ्या टप्प्यात एक्सपोजर. एक्सपोजर स्वतः सेकंदाच्या काही शतांश भागाचं असतं, म्हणजे पापणी लवण्याहूनही थोडं. मुलाने स्थिर राहायचं ते खरं तर त्या आवाजाच्या दीड-दोन सेकंदांत.

पिवळा दिवा म्हणजे रेडिएशन नाही. किरण कुठे पडणार ते दाखवायला तो असतो आणि थोड्या वेळाने आपोआप बंद होतो. बंद झाला की मुलाला वाटतं फोटो झाला, आणि ते उठून बसतं. "दिवा गेला तरी टिक वाजेपर्यंत पुतळा" हे घरीच सांगून ठेवा.

---

खामला_कॉर्नर

मुलाला शिशाचा ॲप्रन घालून मागायचा का? पूर्वी पोटाखाली एक तुकडा ठेवत, आता ठेवत नाहीत. निष्काळजीपणा आहे की नियम बदलला?

---

खोली_नंबर_दोन

विचार बदलला आहे. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये आणि तिथल्या किरणसुरक्षा परिषदेनं २०२१ मध्ये सांगितलं की जननांगांवर सरसकट शिशाचा तुकडा ठेवणं थांबवा. कारणं तीन. अंगाच्या आत विखुरणारे किरण बाहेरच्या तुकड्याने थांबत नाहीत. कंबरेच्या फिल्ममध्ये तो तुकडा सरकला तर बघायचा भागच झाकतो आणि फिल्म परत काढावी लागते. आणि ज्या यंत्रात सेन्सर स्वतः एक्सपोजर ठरवतो, तिथे सेन्सरवर शिसं आलं तर यंत्र किरण वाढवतं.

खरा बचाव किरणांची चौकट लहान ठेवण्यात आहे. पिवळा दिवा छातीपुरताच पडलाय, की मुलाच्या हनुवटीपासून मांडीपर्यंत? हे आईवडिलांनाही उभ्या उभ्या दिसतं. छातीच्या फिल्मला पोटावर दिवा पसरलेला दिसला तर "चौकट लहान करता येईल का?" असं विचारा. चांगला तंत्रज्ञ याचा राग मानणार नाही.

ॲप्रन लागतो तो मुलाला धरणाऱ्याला. किमान ०.२५ मिलिमीटर शिशाच्या बरोबरीचा असावा. घड्या पडलेला, भेगा गेलेला ॲप्रन कामाचा नाही. तो खुंटीला लटकवून ठेवायचा असतो.

---

वर्धमान_नगर

मुलाला धरायचं काम घरच्यांनी का करायचं? स्टाफ असतो ना.

---

खोली_नंबर_दोन

स्टाफने रोज दहा-वीस मुलांना धरलं तर त्याच्या अंगावर रोज किरण. तुम्ही कधीतरी एकदा धरणार. म्हणून नातेवाईकच धरतो, आणि गरोदर किंवा तशी शक्यता असलेली बाई धरत नाही. दारावर ती सूचना मराठीत लावलेली असते, ती वाचा. आई गरोदर असेल तर वडील, मामा, आजी कुणीतरी सोबत हवंच. बहीण-भावंडं बाहेर. आत एकच माणूस.

धरायची पद्धत अशी. बाळ उताणं. एकाने डोक्याच्या बाजूला उभं राहून बाळाचे दोन्ही हात वर, कानांना चिकटवून धरायचे. हाताच्या पकडीतच डोकं सरळ राहतं. दुसरा लागलाच तर गुडघ्यांवर. तुमची बोटं पिवळ्या चौकटीच्या बाहेर हवीत. बोटं दिव्यात आली तर किरणही त्यांच्यावर आणि फिल्मवर पण तीच दिसणार. पाय धरायचे नसतील तर कमरेखाली दुपट्यात घट्ट गुंडाळा, किंवा वाळूच्या पिशव्या ठेवतात. मान एका बाजूला वळली की छातीही वळते आणि एका बाजूच्या फासळ्या लांब दिसतात, म्हणून डोकं सरळ राहिलंच पाहिजे.

---

बजाज_नगर

मोबाइलवर कार्टून लावून काढतात ना? सोप्पं काम आहे.

---

खोली_नंबर_दोन

टेबलावरच्या हातापायाच्या फिल्मला चालतं. छातीला मोबाइल मुलाच्या हातात किंवा आईच्या कडेला दिला तर मूल खाली बघतं, हनुवटी छातीवर येते आणि फुप्फुसांची वरची टोकं झाकली जातात. लावायचंच तर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, अगदी समोर धरा. हातात देऊ नका.

---

वऱ्हाडी_माणूस

मी फक्त काढून ठेवायच्या सामानाचं लिहितो, कारण फिल्म यातच जाते.

गळ्यातली साखळी, ताईत, देवाचं पदक, कानातले, हातातलं कडं, पायातले वाळे, कमरेचा चांदीचा करदोडा. सोनं-चांदी-तांबं-पितळ सगळं फिल्मवर पांढरंफट्ट दिसते. नुसत्या सुताच्या काळ्या दोऱ्याने काही होत नाही, पण त्यात मणी नाहीतर पदक ओवलं असेल तर काढा. आजी करदोडा काढू देत नाही असं घरोघरी होते. आदल्या दिवशीच बोलून ठेवा जी. खोलीत गाठ सुटत नाही, कात्री मागावी लागते आणि तिथेच भांडण. पोटाची, कंबरेची फिल्म असेल तरच करदोडा अडतो. छातीची असेल तर खाली सरकवूनही भागते, तंत्रज्ञाला विचारा.

वेण्या. मुलींच्या वेण्या खांद्यावर आल्या की फुप्फुसाच्या वरच्या भागात दोरीसारखी सावली येते. केस वर बांधा, क्लिपा काढा. ओले केसही दिसतात, म्हणून सकाळी न्हाऊ घालून ओल्या वेणीने नेऊ नका.

कपडे. चेन, धातूची बटणं, हुक, टिकल्या नकोत. टी-शर्टवर जाड रबरी चित्र असेल तर तेही उमटते. साधं सुती बनियन, नाडीची चड्डी, बस. ओला डायपर पोटाच्या आणि कंबरेच्या फिल्ममध्ये दिसतो, आत जायच्या आधी बदला. डायपर रॅशला लावायचं पांढरं मलम जस्ताचं असते, ते पुसून घ्या.

मे महिन्यात नागपुरातून घामाघूम पोट्टं एसीच्या खोलीत नेऊन उघडं केलं आणि थंड पाटीला टेकवलं की ते दचकतेच. पाच-दहा मिनिटं आधी आत बसवा, घाम पुसा. पाटीवर घरचं पातळ सुती कापड टाकू द्या म्हणा. साधं कापड फिल्मवर येत नाही.

---

मानेवाडा_७

सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक रक्ताचा आजार) असलेल्या मुलांसाठी काही वेगळं आहे का? आपल्या विदर्भात हा प्रश्न बऱ्याच घरात आहे.

---

पारिजातक

हो, आणि फार महत्त्वाचं आहे. सिकलसेलच्या मुलाला थंडी आणि शरीरातलं पाणी कमी होणं या दोन्हींमुळे दुखण्याचा झटका येऊ शकतो. म्हणून त्याला एक्स-रेच्या रांगेत पाणी पाजत राहा, उघड्या अंगाने एसीत थांबवू नका, शाल सोबत असू द्या आणि फिल्म झाली की लगेच कपडे घाला. चिठ्ठीवर सिकलसेल लिहिलेलं आहे ना बघा, कार्ड सोबत ठेवा, आणि रांगेतच कर्मचाऱ्याला सांगा म्हणजे ताटकळावं लागत नाही.

या मुलांच्या छातीच्या आणि खुब्याच्या फिल्म आयुष्यात पुन्हा पुन्हा लागतात. जुन्या सगळ्या फिल्म एका पाकिटात, तारखेच्या क्रमाने ठेवा. ताज्या फिल्मशी जुनी ताडून बघता आली तर एखादी नवी फिल्म वाचते. ताप, छातीत दुखणं आणि धाप एकत्र आली तर मात्र एक्स-रेची अपॉइंटमेंट बघत बसू नका, सरळ कॅज्युअल्टी.

---

सिव्हिल_लाइन्स

रेडिएशन किती, हे कुणीच लिहिलं नाही.

---

खोली_नंबर_दोन

अंगाला मिळणारा किरणांचा डोस मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. छातीच्या एका फिल्मचा डोस साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून माणसाला वर्षभरात मिळणारा नैसर्गिक डोस जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट. म्हणजे ती फिल्म तीनेक दिवसांच्या नैसर्गिक डोसाएवढी. हाताच्या पंजाची त्याहून कितीतरी कमी. पोटाची आणि कंबरेची जास्त. सीटी स्कॅनचा हिशेब पूर्ण वेगळा, तो यात धरू नका.

डॉक्टरांनी सांगितलेली फिल्म भीतीपोटी टाळू नका. आणि घरी बसून "एकदा काढून बघू या" म्हणूनही काढू नका. यंत्र अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदलेलं असावं लागतं. खासगी केंद्रात परवाना भिंतीवर लावलेला दिसला नाही तर विचारा.

---

खामला_कॉर्नर

मुलीला लघवीच्या वारंवार जंतुसंसर्गासाठी एमसीयू (लघवी करताना मूत्राशयाच्या फिल्म काढायची तपासणी) सांगितलंय असा एखादा प्रश्न इथे येईलच. त्याची तयारी लिहाल का कुणी? ती साध्या एक्स-रेसारखी नाही.

---

पारिजातक

अजिबात नाही, आणि "फोटोच आहे" असं सांगून मुलाला नेलं तर पुढच्या वेळी ते दवाखान्याच्या गेटातच अडेल.

यात लघवीच्या जागेतून बारीक नळी घालतात, मूत्राशयात रंगद्रव्य भरतात आणि मूल लघवी करत असताना फिल्म काढतात. लघवी मागे मूत्रपिंडाकडे चढते का, ते त्यातून कळतं. आधी लघवीची कल्चर तपासणी करतात, संसर्ग चालू असेल तर तपासणी पुढे ढकलतात. प्रतिजैविक कधी सुरू करायचं, किती दिवस, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. एक डोस चुकला तरी त्यांना सांगा.

मुलाला सांगायची मुख्य गोष्ट: टेबलावर लघवी करायची परवानगी आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला आपण महिनोन्‌महिने शिकवलेलं असतं की अंथरुणात, कपड्यात करायची नाही. इथे सगळ्यांच्या देखत, आडवं होऊन करायची. ते लाजतं, आवळून धरतं, तपासणी लांबते, कधी कधी रंगद्रव्य पुन्हा भरावं लागतं. म्हणून घरी स्पष्ट सांगा, "तिथे प्लास्टिक अंथरलेलं असतं, तिथे शू केली तरी कुणी रागावत नाही, त्यांना तीच बघायची आहे." आईनेच सांगितलेलं बरं. खोलीत नळ सोडून पाण्याचा आवाज करतात, हाताच्या बोटांवर कोमट पाणी ओततात, त्याने सुटते.

नळी घालताना बोचतं. सुन्न करणारी जेली लावता येते का, ते आधी विचारा. त्या वेळी मुलाला फुंकर मारायला लावा, हळू आणि लांब. फुंकताना खालचे स्नायू ढिले पडतात. नंतर एखादा दिवस लघवीला जळजळ होते. पाणी भरपूर द्या, कोमट पाण्याच्या टबात बसवून तिथेच करू द्या. ताप आला किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी परत दाखवा.

बेरियम गिळायच्या तपासणीचं थोडक्यात. उपाशी किती तास ते वयाप्रमाणे केंद्राकडून लिहून घ्या. बाळाची स्वतःची बाटली न्या आणि एक जास्तीचं निपल. बेरियम दाट असतं, निपलचं भोक थोडं मोठं करावं लागतं. मोठ्या मुलाला खडूच्या पाण्यासारखी चव लागेल हे आधी सांगा. नंतर एक-दोन दिवस शी पांढरट होते, आणि पाणी कमी पडलं तर घट्ट होते.

---

लक्ष्मी_नगर_चौक

स्वमग्न मुलांसाठी काय करावं?

---

पारिजातक

चार-पाच चित्रांची पट्टी बनवा: गाडी, बाकडं, यंत्र, टिक, घर. प्रत्येक टप्पा झाला की चित्र उलटं करायचं. दवाखान्यात फोन करून दिवसातली कमी गर्दीची वेळ मागा; ओपीडी सुटताना गर्दी उतरलेली असते. जमलं तर आधी एकदा नुसती खोली दाखवून आणा. आवाज सहन होत नसेल तर कानाला हेडफोन पायाच्या फिल्मला चालतो, मानेच्या-डोक्याच्या नाही.

आणि सर्वच मुलांबाबत: झोप यावी म्हणून घरचं सर्दीचं सिरप देऊन आणू नका. साध्या एक्स-रेला गुंगीची गरज नसते. असं मूल धड झोपत नाही, धड जागं राहत नाही आणि श्वास तर अजिबात धरत नाही.

---

प्लास्टर_रूम

एक तातडीची गोष्ट जोडतो. मुलाने नाणं गिळलं तर मानेपासून कंबरेपर्यंतची फिल्म काढतात. अन्ननलिकेत असेल तर समोरच्या फिल्ममध्ये ते बहुतेक वेळा गोल दिसतं. पण रिमोट, घड्याळ, दिवे लागणारी खेळणी यांतली चपटी बटण बॅटरी गिळली असल्याची नुसती शंका असेल तरी घरी थांबायचं नाही. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत जाळते. फिल्मवर तिच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसतं, त्यावरून ती नाण्यापासून वेगळी ओळखतात. उलटी करवू नका. एक वर्षाच्या वरचं मूल असेल, गिळून १२ तास झाले नसतील आणि ते गिळू शकत असेल, तर निघता निघता दोन चहाचे चमचे मध द्या, पोहोचेपर्यंत दर दहा मिनिटांनी, जास्तीत जास्त सहा वेळा. मध घरात नसेल तर तो शोधायला थांबू नका. तशीच दुसरी बॅटरी किंवा तिचं पाकीट सापडलं तर सोबत आणा, त्यावरून आकार कळतो.

---

वऱ्हाडी_माणूस

सरकारीत जाणाऱ्यांसाठी: आधी ओपीडीचा कागद, मग डॉक्टरची एक्स-रेची चिठ्ठी, मग पैसे भरायची खिडकी, मग एक्स-रेची रांग. दोन माणसं गेली तर एक रांगेत राहते आणि एक पोराला बाहेर फिरवते. पोराला दोन तास त्या बाकड्यावर बसवून ठेवू नका, नंबर यायच्या आधीच ते कंटाळून रडायला लागते. चिठ्ठीवर डावा-उजवा लिहिला आहे ना, डॉक्टरच्या समोरच वाचा.

---

खोली_नंबर_दोन

फिल्म हातात आली की काउंटरवरच तीन गोष्टी बघा. मुलाचं नाव आणि वय बरोबर आहे ना. तारीख आहे ना. डाव्या-उजव्याची खूण आहे ना. हाडाचं वय बघायची फिल्म डाव्या पंजाची आणि मनगटाची असते, उजव्याची काढली असेल तर तिथेच सांगा.

डिजिटल केंद्र असेल तर फिल्मसोबत सीडी किंवा मोबाइलवर मूळ फाइल मागा. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना फिल्मचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवतात, त्यात बारीक भेग दिसत नाही. आणि फिल्म गाडीच्या काचेखाली उन्हात ठेवू नका, नागपूरच्या उन्हात ती काळी पडते.